निजामपुऱ्यातील आमचे देवघर

बडोदे शहरातून उत्तरेस निघावे, फत्तेगंज मागे टाकावे आणि छाणीच्या रस्त्यास लागावे, म्हणजे जी वस्ती लागते ती निजामपुरा. नाव ऐकून महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यास हैदराबाद आठवते आणि तो काही नवाबी इमारती पाहावयास मिळतील अशा अपेक्षेने चष्मा पुसू लागतो. त्याची निराशा होते. पाहुण्यास मुद्दाम दाखवावे असे येथे फारसे काही नाही. सोसायट्या, टेनामेंटांच्या रांगा, डीलक्स चार रस्त्यावरची गर्दी, आणि संध्याकाळी शेव-उसळीच्या लारीभोवती उभी असलेली माणसे. एकेकाळचे हे गाव शहराने केव्हा पोटात घेतले ते गावासही कळले नसावे. कोयलीची तेलशुद्धीकरणशाळा १९६५ मध्ये सुरू झाली, त्याच सुमारास खताचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे ज्यांना दांडिया बाजारातील अथवा बाबाजीपुऱ्यातील वाड्यांचे जिने व सामाईक नळ नकोसे झाले अशी अनेक मराठी कुटुंबे इकडे सरकली. त्यांत आमचेही एक.

आम्ही येथे १९८७ च्या मे महिन्यात आलो. बारावीची परीक्षा नुकतीच दिली होती, म्हणून हातलारीबरोबर चालत येण्याचे काम आमच्याकडे होते. त्या लारीवरून वाटेत काय काय पडले याचा हिशेब पुढे कित्येक दिवस चालला होता. एक पाटा, दोन कप आणि एक लहानशी लाकडी पेटी. पाट्याचे आणि कपांचे कोणी मनावर घेतले नाही. पेटीत मात्र कुळाचे दोन टाक होते : एक जेजुरीच्या खंडोबाचा आणि दुसरा तुळजाभवानीचा. वडिलांनी आमच्याकडे पाहिले, एवढेच. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

नव्या घरात देवघरासाठी स्वतंत्र जागा नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा होता. मातोश्रींनी तो सारवल्यासारखा पुसून घेतला, बाळकृष्ण ठेवला, शाळिग्राम ठेवला, नर्मदेतला बाण ठेवला, आणि टाकांच्या जागी तांदळाच्या मुठीवर एक सुपारी मांडली. दोन टाकांच्या ऐवजी एकच सुपारी. वडील म्हणाले, “अहो, देव दोन होते.” मातोश्री म्हणाल्या, “सध्या एवढी एकच निकोप आहे. बसतील दोघे तिच्यात.” जेजुरीस आणि तुळजापुरास जाऊन पुन्हा टाक घ्यावयाचे, असे ठरले. ते ठरलेलेच राहिले. वडील गेले, मातोश्रीही २०२२ मध्ये गेल्या. सुपारी मात्र तेथेच आहे. तेला-हळदीने काळसर तुकतुकीत झालेली, आणि आश्चर्य असे की अद्याप न किडलेली.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे. येत्या माघात आमच्या कन्येचा विवाह योजिला आहे. त्यापूर्वी कुळाचार नीट झाला पाहिजे आणि त्यासाठी टाक हवेत, असे आमच्या पुण्याच्या थोरल्या बंधूंनी लिहिले, व लिहून न थांबता पैसेही पाठविले. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. पेटी हरवली ती आमच्या देखरेखीखाली, हेही ते विसरलेले नाहीत. पत्र वाचून होते न होते तोच कन्येने कोनाड्याकडे बोट केले आणि विचारले, “बाबा, पण ही सुपारी तो आहे की ती?”

तीस वर्षे वर्गावर उभे राहिलेल्या माणसास असा प्रश्न विचारू नये. आम्ही लगेच खडू हाती घेतल्याच्या थाटात सुरुवात केली. देव म्हणजे तो, देवता म्हणजे ती, दैवत म्हणजे ते. एकाच शब्दाच्या कुळातील ही तीन रूपे तीन लिंगांत नांदतात आणि तिन्हींचा अर्थ ज्याच्यापुढे हात जोडावे असाच होतो. आपण कुलदेव म्हणतो, कुलदेवता म्हणतो, कुलदैवतही म्हणतो. संस्कृतात ब्रह्मा पुल्लिंगी आहे. तो चार तोंडांचा, हंसावर बसणारा, जन्मलेला आणि म्हणून कधीतरी संपणारा. ब्रह्म हे नपुंसकलिंगी. त्याला तोंड नाही, वाहन नाही, आरंभ नाही. एका कान्याचा फरक. पण तेवढ्यात सारे अद्वैत मावते.

कन्या म्हणाली, “नपुंसक हा शब्द देवाला बरा दिसत नाही.” हे आम्हांस पटले. आपल्या मराठी व्याकरणाने हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि त्याबरोबर त्यातील उणेपणाही उचलला. आमचे गुजराती शेजारी या बाबतीत अधिक समंजस. ते या तिसऱ्या लिंगास नान्यतर म्हणतात. म्हणजे दोहोंपैकी कोणतेही नव्हे. कमी आहे असे नव्हे, निराळे आहे एवढेच. आणि खरे म्हणजे मराठीत हे तिसरे लिंग निर्जीव वस्तूंपुरते कोठे आहे? मूल, बाळ, लेकरू, वासरू, पिल्लू ही सारी ‘ते’. जे अद्याप मुलगा की मुलगी असे वेगळे पाडलेले नाही, जे नुसते आपले आहे, त्याला आपण ‘ते’ म्हणतो. गुजरातीत छोकरो, छोकरी आणि छोकरुं. मालवणाकडे व गोव्यात तर लहान मुलीला सरळ नपुंसकलिंगात बोलावतात, आणि त्यात कोणास उणेपणा वाटत नाही. हिंदीने हे लिंग केव्हाच टाकून दिले, त्यामुळे तेथे ब्रह्मालाही पुरुषाच्या रांगेत उभे राहावे लागते. दूरदर्शनसंचावरील हिंदी मालिका ऐकून आमच्या शाळेतील मराठी मुले अलीकडे “पाणी आला” असे लिहितात. आम्ही तांबड्या शाईने रेघ मारतो. पूर्वी ती केवळ व्याकरणाची चूक वाटे. हल्ली ती रेघ मारताना हात जरा अधिक जोर करतो.

या ठिकाणी आम्हांस एका जुन्या शिक्षकाची आठवण होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेले असते, कारण मराठीचे व्याकरण त्यांनी १८३६ मध्ये रचून प्रसिद्ध केले. तो, ती, ते ही कोष्टके पिढ्यान् पिढ्या मुलांनी घोकली, त्यामागे ही मूळ मेहनत. परंतु हेच दादोबा पुढे शिक्षणाच्या कामानिमित्त सुरतेस होते आणि तेथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभेत त्यांचा पुढाकार होता, हे थोड्यांस ठाऊक असते. ईश्वर एक, निराकार, आणि सर्व माणसे त्याची सारखीच लेकरे, असा त्या सभेचा पक्ष होता. मुंबईस परतल्यावर १८४९ च्या सुमारास परमहंस मंडळी निघाली, तिच्यातही दादोबा होतेच. ही मंडळी गुप्तपणे जमत, जातिभेद मोडल्याची खूण म्हणून एकत्र पाव खात आणि निराकार ईश्वराची प्रार्थना करीत. मंडळी पुढे फुटली. परंतु १८६७ मध्ये मुंबईस प्रार्थनासमाज निघाला तो दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने.

आमच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. या निराकारवादी गृहस्थाने १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवर मोठी टीका लिहिली. केकावली म्हणजे तर सगुण देवापुढे फोडलेला टाहो! आणि त्या टीकेस नाव दिले ‘यशोदापांडुरंगी’. आईचे नाव आणि वडिलांचे नाव. निराकाराची बाजू घेऊन भांडलेल्या माणसाला आपल्या ग्रंथावर मात्र एक ती आणि एक तो हवासा वाटला. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणत नाही. आमच्या मातोश्रींनी सुपारी मांडली तेव्हा त्याही नेमके हेच करीत होत्या, फक्त उलट बाजूने.

टाक घ्यावयाचे तर मांडवीकडे जावयास हवे. एका रविवारी सकाळी कन्येस स्कूटरवर मागे बसवून निघालो. निजामपुऱ्याहून शहरात जाण्याचा हा रस्ता आम्ही हजार वेळा तुडवला असेल; पण त्या दिवशी डोक्यात ‘तो की ती’ घोळत असल्यामुळे वाटेतील प्रत्येक इमारत जणू तोच प्रश्न विचारीत होती. फत्तेगंजचे चर्च गेले, विद्यापीठाच्या कलाशाखेचा तो भव्य घुमट आला. जुने बडोदे कॉलेज ते हेच. श्रीअरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि पुढे याच घुमटाखाली इंग्रजी व फ्रेंच शिकवीत. काळ्या घोड्यावरून पुढे विश्वामित्रीचा पूल, पलीकडे कीर्तिमंदिर. गायकवाडांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेल्या त्या वास्तूत नंदलाल बसूंनी भिंतींवर गंगावतरण आणि मीरा रंगविली आहेत. आम्ही विद्यार्थ्यांस सहलीस नेतो, तेव्हा मुले त्या चित्रांपुढे नेहमीपेक्षा कमी गोंगाट करतात, यापलीकडे त्यांची थोरवी आम्हांस सांगता येणार नाही.

दांडिया बाजारात आलो आणि आम्ही स्कूटर थांबवली. येथील तांबड्या रंगाचा बंगला बडोदे संस्थानातील अधिकारी खासेराव जाधव यांचा. श्रीअरविंदांनी बडोद्यातील काही वर्षे येथे काढली. आज तो अरविंद निवास म्हणून ओळखला जातो आणि आत शांत बसता येते. आमचे जुने बिऱ्हाड येथून हाकेच्या अंतरावर होते. लहानपणी आम्ही या कुंपणापाशी पतंग पकडले आहेत. तरीही कन्येला येथे कधी आणले नव्हते. आपल्या दाराशी असलेले तीर्थ सर्वांत शेवटी घडते.

आत जाऊन बसलो आणि नंतर बाहेर झाडाखाली आम्ही तिला लेल्यांची हकीकत सांगितली. सुरतेची काँग्रेस १९०७ च्या डिसेंबरात फुटली. त्यानंतर श्रीअरविंद बडोद्यास आले. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी ग्वाल्हेरहून विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यास बोलावून घेतले होते. लेल्यांचे नाव तेव्हा कोणास माहीत नव्हते आणि आजही फारसे कोणास माहीत नाही. साधा, भक्तिमार्गी माणूस. १९०८ च्या जानेवारीत, याच शहरात सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या एका लहान खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी एवढेच सांगितले की विचार आपले नसतात, ते बाहेरून येतात. येताना पाहा आणि आत शिरण्यापूर्वीच परत लावून द्या. श्रीअरविंदांनी तसे केले. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झाले आणि उरले ते निराकार, निर्गुण ब्रह्म. त्यात सारे जग पोकळ आकृत्यांच्या खेळासारखे दिसू लागले.

मौज ही की हे दोघांपैकी कोणालाच नको होते. श्रीअरविंद राजकारणासाठी बळ मागावयास आले होते, आणि लेले भक्त. त्यांना ईश्वराची मूर्त भेट घडवावयाची होती. हा अनुभव आपल्या अपेक्षेचा नव्हता आणि लेल्यांच्याही नव्हता, असे श्रीअरविंदांनी पुढे स्वतःच नमूद केले. शिष्याला ‘तो’ भेटावा म्हणून गुरूने दार उघडले आणि दारात ‘ते’ उभे! मग मुंबईस १९ जानेवारीस व्याख्यान होते. मन इतके रिते झाले होते की बोलावे काय, हा प्रश्न पडला. लेले म्हणाले, श्रोत्यांस नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. शब्द आले. आम्हीही शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा हा प्रयोग करून पाहिला. शब्द आले नाहीत, असो.

कन्येने विचारले, “म्हणजे आधी मूर्ती आणि मग निराकार, असे पायऱ्यांनी जायचे ना? बालवाडी आणि मग कॉलेज?” पुस्तकांतून असेच सांगतात खरे. सगुण हे मंदबुद्धींसाठी, निर्गुण हे ज्ञात्यांसाठी. पण श्रीअरविंदांच्याच चरित्रात हा क्रम टिकत नाही. नर्मदाकाठी कर्नाळीच्या मंदिरात कालीच्या मूर्तीकडे पाहताना त्यांना ती जिवंत भासली, ती बडोद्याच्या वास्तव्यातच. म्हणजे आधी ‘ती’. मग मजुमदारांच्या वाड्यात ‘ते’. आणि त्याच वर्षी अलीपूरच्या तुरुंगात गेल्यावर भिंती, गज, पहारेकरी, न्यायाधीश या सर्वांत वासुदेव दिसू लागला, हे त्यांनी १९०९ च्या उत्तरपाड्याच्या भाषणात सांगितले; म्हणजे शेवटी ‘तो’. पुढे पाँडिचेरीत पुन्हा माताच. यांत वरची इयत्ता कोणती आणि खालची कोणती, हे ठरविण्याचा अधिकार निदान मुख्याध्यापकांस तरी नाही.

श्वेताश्वतर उपनिषदात हा घोळ फार सुंदर मांडला आहे. चौथ्या अध्यायात ऋषी त्या तत्त्वाला म्हणतो की स्त्री तूच, पुरुष तूच, कुमार आणि कुमारीही तूच. आणि पाचव्यात सांगतो की ते स्त्री नव्हे, पुरुष नव्हे, आणि नपुंसकही नव्हे. हे तिसरे ‘नव्हे’ आम्ही एम. ए. च्या वर्षी वाचले होते, पण लक्षात आले नव्हते. त्या दिवशी दांडिया बाजारात ते अचानक लक्षात आले आणि सकाळपासून आपण कन्येस ज्या ‘ते’ची महती सांगत होतो ती जरा लटपटली. तिसरे लिंग हेदेखील लिंगच. व्याकरणाची कोष्टके ऋषीने तिन्ही घरांसह खाली ठेवून दिली होती. आम्ही हे तिला प्रामाणिकपणे सांगितले. ती म्हणाली, “मग आजीचेच बरोबर. एकच निकोप होती, तीच मांडली.”

तिच्या बोलण्यावरून आम्हांस आणखी एक आठवले. पुण्याहवाचनात गणपती म्हणून जी सुपारी मांडतात आणि मातृका म्हणून ज्या मांडतात, त्या एकाच डब्यातून निघतात. आवाहनाच्या अक्षता पडेपर्यंत कोणती कोण, हे सुपारीला ठाऊक नसते, भटजींनाही नसते. पूजा संपली, विसर्जनाच्या अक्षता पडल्या, की पुन्हा सगळ्या सुपाऱ्या. दुसऱ्या दिवशी अडकित्ता चालतो. खेड्यापाड्यांतून शेंदराचा गोल तांदळा असतो; हात नाहीत, पाय नाहीत. एके ठिकाणी त्याला म्हसोबा म्हणतात आणि पुढच्या गावी तशाच दगडाला खणाचा तुकडा वाहून मरीआई म्हणतात. निराकार म्हटले की आपण उपनिषदे आणि प्रार्थनासमाज यांच्याकडे पाहतो, पण आपल्या बायाबापड्यांनी ते सुपारीत आणि तांदळ्यात केव्हाचे वागविले आहे. पंढरीच्या त्या कमरेवर हात ठेवलेल्या पुरुषाला विठाई आणि माउली म्हणताना वारकऱ्याची जीभ कधी अडखळली नाही.

मातोश्रींनी मात्र एक गोष्ट शास्त्राबाहेर केली होती. त्यांनी आवाहन केले आणि विसर्जन कधीच केले नाही. वर्षे लोटली तसे आम्ही एकदा विचारलेही होते. तेव्हा आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि आमच्या अंगात निर्गुणाचा ताप होता. कोनाड्यातील साऱ्या पसाऱ्यावर आम्ही व्याख्यान दिले होते. त्या भाकरी थापीत होत्या. म्हणाल्या, “तुझे ते निराकार कुठे राहते?” आम्ही म्हणालो, सर्वत्र. “मग या कोनाड्यातही असेल. हात नको लावूस, पारोसा आहेस.” अखेरच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. सकाळी त्या बोटांनी कोनाडा चाचपीत, सुपारी सापडली की थांबत, आणि मग चहा मागत.

दांडिया बाजारातून सूरसागर ओलांडताना तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला शंभर फुटांहून उंच महादेव दिसला. बहुधा बडोद्यात याच्याइतका साकार कोणी नसेल. मांडवीजवळच्या चांदीवाल्याचे दुकान उघडे होते. आमच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडे जाणे-येणे आहे. गुजराती गृहस्थ, पण पिढ्यान् पिढ्या मराठी गिऱ्हाईक असल्यामुळे मराठी चांगले बोलतात. त्यांनी ठसे काढून दाखविले. घोड्यावर खंडोबा आणि शेजारी म्हाळसा; दुसऱ्यावर महिषासुरास मारणारी भवानी. आम्ही दोन्ही टाक सांगितले. बंधूंचे पैसे मोजून दिले. पेटी हरवल्यापासून जो एक काटा आमच्या मनात होता तो त्या क्षणी निघाला असे लिहावयास हरकत नव्हती. परंतु तसे झाले नाही. आम्ही पावती हातात धरून उभे राहिलो आणि घरी गेल्यावर सुपारीचे काय करावयाचे, याच विचारात पडलो. टाक बसवावयाचे तर ती काढणे आले. आणि काढावयाची तर विसर्जन आले.

कन्या तोवर काचेच्या कपाटात पाहत होती. ती म्हणाली, “काका, एवढीशी डबी मिळेल का? सुपारी मावेल एवढी?”

“कुंकवासाठी?”

“नाही, सुपारीसाठीच. एकच आहे. मला सासरी न्यायची आहे.”

आमच्याकडे तिने पाहिले नाही. चांदीवाल्यांनी तीन-चार डब्या काढल्या, तिने एक निवडली. ते चष्मा वर सरकवून म्हणाले, “लग्नाची आहे, तर झाकणावर काहीतरी कोरून देतो. पैसे नाही घेणार. गणपती करू? का लक्ष्मी? का स्वस्तिक?”

ती थोडा वेळ डबी तळहातावर फिरवीत राहिली.

“नको काका,” ती म्हणाली, “झाकण कोरेच असू द्या.”